टॅबमधले पासवर्ड नेमके असतात कुठे?

प्रश्न : नमस्कार दादा, मी मिरजेला असते, वय ६८. मुलाने दोन वर्षांपूर्वी सॅमसंगचा टॅब घेऊन दिला, तेव्हापासून लाइट बिल, रेल्वेचं तिकीट सगळं त्यावरच करते. पासवर्ड टाकावाच लागत नाही, आपोआप येतो, नुसते काळे ठिपके दिसतात. आता नवीन फोन घेतला तर तो पासवर्ड मागतोय आणि मला एकही आठवत नाहीये. मुलगा म्हणतो 'फरगॉट पासवर्ड' कर, पण लाइट बिलाच्या खात्याला माझा जुना मोबाइल नंबर आहे, तो कधीच बंद झाला. टॅबमध्ये ते पासवर्ड बघता येतात का? आणि नातू रोज त्यावर गेम खेळतो, त्यालाही दिसत असतील का?

उत्तर : काकू, बघता येतात, काळजी नको. ते ठिपके म्हणजे नुसता पडदा आहे.

टॅबवर क्रोम उघडा, वर उजवीकडे तीन टिंबं आहेत ती दाबा, सेटिंग्जमध्ये जा आणि 'गूगल पासवर्ड मॅनेजर' शोधा. आत वेबसाइट्सची यादी दिसेल, हवी ती दाबली की टॅब तुमचा पिन किंवा बोट मागेल, ते दिलं की डोळ्याचं चित्र दाबा, ठिपके गेले आणि पासवर्ड समोर! एकाच साइटचे दोन दिसले तर गोंधळू नका, मध्ये कधीतरी पासवर्ड बदलला असेल आणि जुनाही तसाच राहिला असेल, दोन्ही टाकून बघा.

यादीत लाइट बिल नसेलच तर? सॅमसंगच्या टॅबमध्ये सॅमसंग पास म्हणून आणखी एक कप्पा असतो, आणि सेव्ह करू का विचारल्यावर आपण घाईत 'हो' म्हटलेलं असतं, कुणाला म्हटलं ते कोण बघतो! सेटिंग्जमध्ये वर भिंग आहे तिथे 'पास' टाइप करा, सापडेल.

खरं तर गूगलमध्ये सेव्ह झालेले पासवर्ड टॅबपुरते नसतात, सिंक, म्हणजे टॅबमधलं खात्यात आपोआप जमा करणं, चालू असेल तर तुमच्या जीमेल खात्यात असतात. त्यामुळे नव्या फोनवर तोच जीमेल टाकलाय ना ते आधी बघा. बऱ्याचदा दुकानातला पोरगा फोन चालू करून देताना नवीनच जीमेल बनवून देतो, मग यादी रिकामी दिसणारच. आणि हो, टॅबवरून एखादा पासवर्ड डिलीट केलात तर त्याच खात्याच्या फोनवरूनही जाईल, तेव्हा साफसफाई जरा जपून.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेली जुन्या नंबरची गोष्ट, मला तीच जास्त खटकली. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते, म्हणजे तुमचे ओटीपी उद्या भलत्याच माणसाच्या फोनवर वाजतील. लाइट बिलाच्या खात्यात शिरलात की पहिलं काम नंबर बदलायचं, बिल नंतर भरा. मग जीमेलच्या रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायला, कुठला नंबर आहे तो बघा, रेल्वेचा बघा, आणि बँकेत जुनाच असेल तर पासबुक घेऊन सरळ शाखेत जा.

पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवले तर लोक हसतात, मी नाही हसणार, चोर काही वही शोधत बसत नाही. फक्त व्हॉट्सअॅपवर मुलाला पाठवून ठेवू नका, आणि यूपीआयचा पिन तर कुठेच लिहू नका.

राहिला नातू. त्याला टॅबचा पिन माहीत असेल, आणि असतोच, तर ही सगळी यादी त्यालाही उघडते कारण कुलूप एकच. तो मुद्दाम काही करणार नाही हो, पण गेममध्ये काहीतरी 'फुकट' मिळतंय म्हणून कुठेतरी लॉगिन करून बसला तर? पिन बदला आणि त्याचं बोट फिंगरप्रिंटमध्ये घातलं असेल तर काढून टाका. शिवाय सेटिंग्जमध्ये 'पिन अॅप' नावाचा पर्याय शोधून चालू करा, आणि बाहेर पडताना पिन मागायचा त्यातला पर्यायही चालू ठेवा. मग गेम उघडून तिथेच अडकवून त्याच्या हातात टॅब द्यायचा, तुमचा पिन टाकल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही. पहिले दोन दिवस रुसेल.