निवडणूक झाली, तरी लोकशाही का अडली? रुमानियाचा दाखला

कम्युनिस्ट राजवट कोसळली, खुल्या निवडणुकाही झाल्या, मग लोकशाही रुजायला अडलं कुठे, असा तुमचा प्रश्न आहे. गरिबी हे नेहमीचं उत्तर खोटं नाही, पण माझ्या मते खरी अडचण वेगळी होती. जुने गेले तेव्हा त्यांची जागा घेईल असं संघटित दुसरं कुणी नव्हतंच.

पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी ही सरकारला न जुमानणारी कामगार संघटना होती. रुमानियात कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूने तसं काही उभंच राहू दिलं नाही. १९८३च्या हुकमानुसार घरी टाइपरायटर असेल तर पोलिसांकडे नोंद करावी लागे, शिवाय त्यावर टाइप केलेल्या मजकुराचा नमुनाही द्यावा लागे. उद्या एखादं पत्रक सापडलं तर अक्षरांच्या वळणावरून यंत्र आणि यंत्रावरून मालक हुडकता यावा, हा हेतू. चार ओळींच्या पत्रकाची ही गत, तिथे पक्ष आणि वर्तमानपत्रं कुठून यायची?

त्यामुळे डिसेंबर १९८९मध्ये चाउशेस्कू पळाला, मारला गेला, आणि सत्ता आली राष्ट्रीय मुक्ती आघाडीकडे. तिचे नेते इयोन इलिएस्कू जुन्याच पक्षातले, चाउशेस्कूने बाजूला सारलेले. आम्ही निवडणूक लढवणार नाही, असं सुरुवातीला सांगणाऱ्या आघाडीने जानेवारीतच शब्द फिरवला. दूरचित्रवाणी होती ती सरकारी, म्हणजे त्यांच्याच हातात. समोर होते कॉर्नेलिऊ कोपोसूंसारखे, कम्युनिस्टांच्या तुरुंगात सतरा वर्षं काढलेले वृद्ध नेते आणि परदेशातून परतलेले काही जण. या परतलेल्यांना ऐकवलं जाई, की आम्ही टंचाईत सोयाबीन मिसळलेलं सलामी (मांसाचं सॉसेज) खाऊन दिवस काढले तेव्हा तुम्ही कुठे होता? २० मे १९९० रोजी इलिएस्कू सुमारे ८५ टक्के मतांनी निवडून आले.

पुढच्याच महिन्यात जे झालं ते मला आजही सगळ्यात गंभीर वाटतं. बुखारेस्टच्या विद्यापीठ चौकात निदर्शनं चालू होती. मागणी साधी होती आणि ती मार्चमध्येच तिमिशोआरा शहरातल्या जाहीरनाम्यात आली होती : जुन्या पक्षाचे पदाधिकारी आणि सेकुरिताते या गुप्त पोलीसदलाचे अधिकारी यांना काही काळ निवडणूक लढवता येऊ नये. ते धसास लागलं नाही. उलट जूनमध्ये जिऊ खोऱ्यातले खाणकामगार राजधानीत आले, त्यांनी विद्यार्थ्यांना झोडपलं, विरोधी पक्षांची कार्यालयं फोडली आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांचे जाहीर आभार मानले. मतपेटीतून आलेल्या सत्तेने विरोधकाला शत्रू ठरवलं, की नुसत्या बहुमताने काय साधणार?

कारखाने जुन्या संचालकांच्या आणि त्यांच्या ओळखीपाळखीच्यांच्या घशात गेले, तो भाग बहुतेकांना ठाऊक असतो. त्याहून कमी बोललं जातं ते गुप्त पोलिसांच्या फायलींबद्दल. आपल्यावर कोणी पाळत ठेवली, हे नागरिकाला बघू देणारा कायदा व्हायला डिसेंबर १९९९ उजाडलं. तोवर खबऱ्या कोण, न्यायाधीश कोणाचा, संपादक कोणाचा, हा संशय प्रत्येक संस्थेत मुरलेला होता. मतपेटीतून सरकार बदललं ते १९९६ला, म्हणजे जुन्या वळणाच्या माणसांना सहा-सात वर्षं मोकळं रान मिळालं.

जून १९९०च्या त्या मारहाणीचा तपास रुमानियाने नीट केला नाही, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने दिला, तोही २०१४ साली.