फिनलंडमध्ये अगदी विरळ वस्तीच्या भागात आठवडाभर राहायचंय. सावुकोस्की कसं आहे? गाडी नसेल तर चालेल का?

गाडी नसेल तर नका जाऊ, आधीच सांगून ठेवतो.

मी फिनलंडमधल्याच औलू शहरात राहतो. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात तिथे आठ दिवस काढले. जुलैत जाणार असाल तर डासांची तयारी ठेवा, म्हणून मी सप्टेंबर निवडला. नावाला ही एक नगरपालिका, पण क्षेत्रफळ सुमारे ६,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पावणेदोन पट. माणसं हजाराच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी सोसायटीत याहून जास्त असतील! हेलसिंकीहून रात्रीच्या रेल्वेने केमियार्वीपर्यंत येता येतं. पुढे शंभरेक किलोमीटर रस्ता, दोन्ही बाजूंना पाइन आणि दलदल.

पहिल्याच दिवशी रस्त्याकडेच्या खांबाला कचऱ्याची काळी पिशवी बांधलेली दिसली. म्हटलं, इथेही लोक घाण करतात तर! कॉटेजच्या मालकीणबाई ऐकून हसल्या. पुढे रेनडिअर आहेत, सांभाळून, असा तो इशारा असतो म्हणे. रेनडिअर पाळणारेच ती बांधतात. दुसऱ्या दिवशी तशीच पिशवी दिसली, वेग कमी केला, तर वळणावर सात-आठ जण भर रस्त्यात. हॉर्नला भीक घालत नाहीत. दिसायला मोकाट, पण प्रत्येकाला मालक असतो. कानाच्या कडेला कापलेल्या खाचांवरून कोणाचा ते कळतं. धडक बसलीच तर ११२ ला कळवावं लागतं.

मुलं बरोबर असतील तर एक सांगतो. सांताक्लॉजचं घर मानतात तो कोर्वातुंतुरी डोंगर इथलाच; १९२७ मध्ये फिनिश रेडिओवर तसं सांगितलं गेलं आणि ते रूढ झालं. पण डोंगर रशियाच्या सीमेवर आहे, परवान्याशिवाय वर जाता येत नाही. सांताला भेटायचंच असेल तर सरळ रोवानिएमी शहरात न्या, तिथे पर्यटकांसाठी सांताचं गाव आहे.

मला सगळ्यात आवडलं ते बेरी तोडणं. जंगल कोणाचंही असो, परवानगी लागत नाही. फक्त घरांच्या आवारात शिरायचं नाही. तासाभरात आइस्क्रीमचा रिकामा डबा लिंगनबेरीने, म्हणजे छोट्या लाल रानफळांनी, भरला. आंबट आहे, साखर घालून मुरांबा करा.

किराणा मात्र केमियार्वीतच भरून घ्या. माझं कॉटेज गावापासून चाळीस किलोमीटर आत होतं. पोह्यांना कांदा विसरलो, तर जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर.