ओढ्यात पाय बुडवायचा नाही, मग बघायचं काय?

संरक्षित पाणलोट क्षेत्रातल्या फेरीत मार्गदर्शकाला सोडायचं नाही, वाट सोडायची नाही, ओढ्यात उतरायचं नाही, कुत्रा न्यायचा नाही, मग त्यात राहिलं काय, असं तुम्ही विचारलंय. धबधब्याच्या किंवा मोठ्या जनावराच्या आशेने निघाला असाल तर दुसरं जंगल गाठा. इथे बघायचं ते पाणी, तेही ओढ्याला मिळण्याआधीचं.

चालताना जमिनीकडे लक्ष ठेवा. जुन्या झाडीत पाचोळ्याखालची माती भुसभुशीत असते. पावसाचा मार पानं आणि पाचोळा झेलतात, पाणी मुळांच्या आणि गांडुळांच्या बिळांतून खाली मुरतं आणि सावकाश झिरपत ओढ्याला मिळतं. म्हणून पाऊस थांबून बरेच दिवस झाले तरी ओढा वाहताना दिसतो. मग एखादी चोरवाट दिसली तर तीही बघून घ्या. माती तुडवून टणक झालेली, मधोमध घळ पडलेली. तिथे पाणी मुरत नाही, माती घेऊन थेट खाली धावतं. वाट का सोडायची नाही, हे त्या घळीकडे बघून जास्त पटतं. पाटीवरच्या मजकुराने एवढं पटत नाही.

कुत्र्याची आणि पाण्यात उतरण्याची बंदी मला आधी अतिरेकी वाटायची. पण विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला क्लोरीन सहजी मारत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यात तो शिरला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. न्यूयॉर्कने पाणलोटातल्या गावांशी झालेल्या १९९७ च्या करारानंतर डोंगरातला कॅट्सकिल-डेलावेअर पाणलोटच जपायचा मार्ग धरला. तिथलं पाणी निर्जंतुक करतात, पण गाळणी प्रकल्पातून नेत नाहीत. अवाढव्य गाळणी प्रकल्पाचा खर्च त्यामुळे टळला. सुरुवातीला बुटांचे तळ घासायला लावले तर कुरकुर करू नका. झाडांची मुळं कुजवणारा फायटॉफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव बुटांच्या चिखलातूनही एका जंगलातून दुसऱ्यात जातो.

मार्गदर्शकाला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: हे जंगल किती वयाचं आहे? झाडं वाढली की पाणी वाढतं, असं सरसकट नसतं. ऑस्ट्रेलियात १९३९ च्या वणव्यांनंतर मेलबर्नच्या पाणलोटात माउंटन अ‍ॅश या उंच निलगिरींचं नवं रान दाट उगवलं. ही कोवळी झाडं जुन्यांपेक्षा जास्त पाणी ओढत होती, त्यामुळे ओढ्यांचं पाणी कित्येक दशकं घटलेलं राहिलं. चांगला मार्गदर्शक या प्रश्नावर खुलतो. पाठ केलेलं बोलणारा लगेच पक्ष्यांकडे वळतो. (पक्ष्यांशी माझं वैर नाही.)

ओढ्याकाठी थांबलात तर मार्गदर्शकालाच एखादा दगड उलटून दाखवायला सांगा. खाली चिकटलेल्या अळ्यांची शेपटं बघा. दोन असतील तर बहुधा स्टोनफ्लाय या कीटकाची अळी, तीन असतील तर बहुधा मेफ्लायची. वाळूचे कण जोडून केलेल्या नळीत कॅडिसफ्लायची अळी राहते. यातल्या, विशेषतः स्टोनफ्लायच्या, बऱ्याच जातींना गार, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. तिन्ही मुबलक दिसल्या तर ओढ्याची तब्येत बहुधा ठीक आहे. दगड होता तसाच परत ठेवायचा. पाणी चहाच्या रंगाचं दिसलं तर लगेच नाक मुरडू नका, पाचोळ्यातल्या टॅनिनमुळेही तसं होतं. ढवळलेलं, मातकट दिसलं तर मात्र वर माती कुठे उघडी पडली आहे का, ते विचारा.

शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी जा, मुरणं आणि वाहणं दोन्ही दिसतं. रांगेत मार्गदर्शकाच्या अगदी पाठोपाठ राहा, शेवटच्यांना निम्मं ऐकूच येत नाही. आत शौचालय असेल असं गृहीत धरू नका, निघण्याआधी उरकून घ्या. आणि प्यायचं पाणी बरोबर न्या. ओढा कितीही नितळ दिसला तरी वरच्या अंगाला रानातली जनावरं त्याच पाण्यात उतरत असतात.