शंका वाचकांच्या : मी देव मानते, मग मी क्रिएशनिस्ट का?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, टेनेसी राज्यात असतो. नातीच्या मैत्रिणीच्या घरचे लोक ‘क्रिएशनिस्ट’ आहेत, असं सून परवा फोनवर म्हणाली. आवाजात काळजी होती. माझ्याकडच्या इंग्रजी-मराठी कोशात ‘ईश्वराने सृष्टी निर्माण केली असे मानणारा’ एवढाच अर्थ आहे. मी तर रोज देवपूजा करते आणि हे सगळं त्यानंच केलं असं मानते. मग मीही क्रिएशनिस्टच झाले का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, ताई. तुम्ही आस्तिक आहात. कोशातला अर्थ खोटा नाही, पण तोकडा आहे. त्या तोकडेपणापायी माझ्या हातूनही एकदा चूक झाली.

डिसेंबर २००५ची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि एका दैनिकाला विज्ञानाच्या बातम्या मराठीत करून द्यायची. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावचा खटला गाजत होता. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं, असं तिथल्या शाळा मंडळानं ठरवलं होतं. डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्यानं केली, हे मत) हा त्याला पर्याय आहे, असा त्याचा आशय होता. अकरा पालक कोर्टात गेले. २० डिसेंबरला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मी मथळा केला, ‘अमेरिकेत आस्तिकांचा पराभव’. तो तसाच छापून आला.

नंतर साक्षी सविस्तर वाचल्या आणि खूप वाईट वाटलं. पालकांच्या बाजूचे पहिले तज्ज्ञ साक्षीदार केनेथ मिलर हे जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि श्रद्धावान कॅथलिक. पालकांमध्येही चर्चला जाणारी माणसं होती. म्हणजे जिंकलेल्यांतच आस्तिक होते आणि मी त्यांना हरवून मोकळी झाले होते.

तेव्हापासून मी हा शब्द जपून वापरते. सजीवांच्या जाती देवानं वेगवेगळ्या घडवल्या, एकीतून दुसरी उत्क्रांत झाली नाही, असं मानून जो उत्क्रांती नाकारतो तो आजच्या वापरात क्रिएशनिस्ट. देव मानणं एवढ्यानं तो शब्द लागू होत नाही. जीवाश्म, हाडं, जनुकं यांचा पुरावा समोर ठेवला की माणूस काय म्हणतो, ते पाहावं लागतं. शब्द तसा जुना आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात प्रत्येक आत्मा देव नव्यानं निर्माण करतो असं मानणाऱ्यांनाही तो लावत. आपल्या विरोधकांसाठी डार्विननं तो पत्रांतून वापरला आणि पुढे तोच अर्थ रूढ झाला.

या लोकांतही सगळे एका माळेचे मणी नाहीत. काही जण बायबलमधल्या वंशावळ्या मोजून पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची मानतात. आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये असाच हिशेब करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये नेला होता. विज्ञानाच्या हिशेबानं पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे. दुसरे हे वय मान्य करतात, उत्क्रांती मात्र नाही. तुमचा मुलगा राहतो त्याच टेनेसीत, डेटन गावी, १९२५ मध्ये उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला आणि त्यांना १०० डॉलर दंड झाला. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीसुद्धा उलटतपासणीत मान्य केलं, की बायबलमधला निर्मितीचा ‘दिवस’ चोवीस तासांचाच असला पाहिजे असं नाही.

डोव्हरच्या खटल्यातली एक गोष्ट तर मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवायचे. निवेदनात ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या इंटेलिजंट डिझाइनवरच्या पुस्तकाचा हवाला होता. सरकारी शाळांत ‘क्रिएशन सायन्स’, म्हणजे देवानं सृष्टी घडवली हे मत विज्ञान म्हणून, शिकवायला लावणारा लुइझियानाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर या पुस्तकाच्या मसुद्यात ‘क्रिएशनिस्ट्स’च्या जागी ‘डिझाइन प्रोपोनन्ट्स’, म्हणजे रचनेचे पुरस्कर्ते, असं घालत गेले. एका ठिकाणी जुना शब्द पुरता पुसला गेला नाही आणि ‘सीडिझाइन प्रोपोनन्टसिस्ट्स’ असं काहीतरी उरलं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी हे जुने मसुदे कोर्टापुढे उलगडून दाखवले. मी पुढचा ‘सी’ आणि मागचं ‘इस्ट्स’ लाल खडूनं लिहायची, मधलं पांढऱ्या. शेवटच्या बाकावरच्या मुलांनाही लगेच कळायचं, की पाटी बदलली तरी माल तोच होता.

पण याच्या उलट उदाहरणही आहे. विसाव्या शतकातले मोठे उत्क्रांतिशास्त्रज्ञ थिओडोसियस डोबझान्स्की यांनी १९७३ मध्ये लिहिलं, की मी क्रिएशनिस्टही आहे आणि उत्क्रांतिवादीही. उत्क्रांती हीच ईश्वराची किंवा निसर्गाची निर्मितीची रीत आहे. त्यांनी शब्द कोशातल्या अर्थानं घेतला, तुम्ही घेतलात तसाच. म्हणून कोण कुठल्या अर्थानं बोलतंय ते आधी पाहावं.

मराठीत मी ‘सृष्टिनिर्मितीवादी’ लिहिते. लांब आहे, पण नुसतं ‘निर्मितीवादी’ म्हटलं की कारखाना नाहीतर सिनेमा डोळ्यांपुढे येतो आणि ‘सर्जनवादी’ म्हटलं की कविता. ‘अडाणी’ या अर्थानं तर हा शब्द कुणी वापरूच नये. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग वगळल्याचं २०२३ मध्ये गाजलं, तेव्हा एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, ‘मॅडम, हे क्रिएशनिस्टांचं काम का?’ तो भाग जायला नको होता, मला आजही ते सलतं. पण कारण अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याचं दिलं होतं. पुराव्याशिवाय तिथं हा शब्द चिकटवता येणार नाही, असंच मी तिला सांगितलं.

आता सुनेची काळजी. मैत्रिणीच्या घरी काय मानतात त्यानं तुमच्या नातीचं काही बिघडत नाही. तिनं तिकडे खुशाल खेळायला, जेवायला जावं. सुनेला विचारायचं ते एवढंच, की शाळा सरकारी आहे की खासगी? सरकारी असेल तर १९८७च्या निकालाचं बंधन शाळेवर आहे. खासगी धार्मिक शाळेवर ते नाही, तेव्हा तशी असेल तर जीवशास्त्राचं पुस्तक एकदा घरी मागवून सुनेनं स्वतः चाळावं.