वडोदऱ्याहून कॅनडाला निघताना रॅचेट कोणतं घ्यावं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गोरव्याच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक झालास, मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये सात वर्षं काढलीस आणि आता ऑन्टारियोला जायचं ठरतंय. निघण्याआधी स्नॅप-ऑनचं रॅचेट (गोटी, म्हणजे सॉकेट, लावून नट-बोल्ट फिरवायचं, एकाच दिशेला पकडणारं दात्यांचं हँडल) मागवून सोबत न्यावं का, की मॅक, मॅटको, गिअररेंच, को-केन या कंपन्यांपैकी दुसऱ्या कुणाचं बरं? मी बारा वर्षांपूर्वी दांडिया बाजारातलं घर सोडून इकडे कॅनडाला निघालो तेव्हा हाच प्रश्न डोक्यात होता आणि विचारायला कोणी नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थेट उत्तर आधी देतो. महागडं रॅचेट तिथून घेऊन निघू नकोस. इथे पोचल्यावर पहिले सहा महिने मधल्या किमतीच्या रॅचेटवर काम कर. रोज सगळ्यात जास्त कोणतं ड्राइव्ह (गोटी बसते त्या चौकोनाचं माप) हातात येतं ते तोवर कळेल, मग त्याच एका साइजमध्ये उत्तम प्रतीचं घे.

याचं कारण हत्यारापेक्षा इथल्या पद्धतीत आहे. आपल्याकडे पाने-गोट्या बहुतेक वर्कशॉपच्या असतात, संध्याकाळी मोजून परत ठेवायच्या. कॅनडात मेकॅनिकची पेटी त्याची स्वतःची. (जर्मनीत गेलेला माझा मित्र सांगतो, तिथे हत्यारं मालक देतो. त्यामुळे देश बदलला तर हा सगळा हिशोब बदलतो.) स्नॅप-ऑन, मॅक, मॅटको आणि कॉर्नवेल या अमेरिकी कंपन्या आपला माल ट्रकवरून विकतात. ठरलेल्या वारी ट्रक वर्कशॉपच्या दारात उभा राहतो. रॅचेट घसरायला लागलं की ट्रकवर चढायचं, तो डोकं उघडून आतलं गिअर आणि पॉल (दात्यांत अडकणारी खिटी) नवं बसवतो, पाच मिनिटांत तू परत गाडीखाली. शंभर अमेरिकी डॉलरच्या पुढची किंमत आपण लोखंडाची जितकी देतो तितकीच या सोयीची देतो. आता विचार कर, तेच रॅचेट तू वडोदऱ्यात कुणाकडून तरी मागवून आणलंस आणि तुझ्या वर्कशॉपला त्या कंपनीचा ट्रकच येत नसला, तर सोय गेली आणि किंमत तेवढी राहिली. म्हणून नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात बघ, दारात कोणते ट्रक येतात आणि त्यातला कोणता माणूस न चुकता येतो.

आता दात्यांचं. सगळ्या जाहिराती दात्यांच्या आकड्यांवर चालतात, म्हणून हिशोब एकदा स्वतः करून बघ. 36 दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडायला 10 अंश फिरावं लागतं, 72 ला 5 अंश, 80 ला साडेचार, 90 ला 4, आणि 120 ला 3. हँडल 200 मिलिमीटरचं धरलं तर त्याचं टोक 36 दात्यांत सुमारे 35 मिलिमीटर हलायला हवं, 80 मध्ये 16 आणि 120 मध्ये साडेदहा. अल्टरनेटरच्या मागे, सबफ्रेम आणि इंजिनच्या मध्ये हात घातलास की हा फरक जाणवतो. इथे बऱ्याच ठिकाणी फ्लॅट रेटवर पगार असतो. पुस्तकात त्या कामाचे 1.2 तास लिहिले असतील तर तुला तेवढ्याचेच पैसे, मग तू 45 मिनिटांत कर की दोन तासांत. अडचणीच्या जागेत वाया गेलेली मिनिटं थेट खिशातून जातात.

पण 80 च्या पुढे दाते वाढल्याचा मला हातात फारसा फायदा दिसलेला नाही. त्याहून महत्त्वाचं आहे उलट फिरवताना लागणारा जोर. नट सैल झाल्यावर रॅचेट मागे घेताना गोटीसकट नटही मागे फिरायला लागला, तर दाते कितीही असोत, तू बोटांनी गोटी धरून बसणार. दुकानात रॅचेट हातात घेतलंस की ड्राइव्हचा चौकोन दोन बोटांत हलका धर आणि हँडल मागे फिरव. कागदावर न लिहिलेलं बरंच काही तिथे कळतं.

स्नॅप-ऑन या परीक्षेत खरोखर वरचं आहे. 1920 साली ही कंपनी सुरू झाली ती पाच हँडल आणि दहा गोट्या घेऊन. ‘पाच पन्नासांचं काम करतील’ अशी त्यांची जाहिरात होती. एकाच हँडलवर गोट्या बदलायची जी पद्धत आज आपण गृहीत धरतो, तीच त्यांनी विकली. त्यांचं 80 दात्यांचं तीन सूत (3/8 इंच) ड्राइव्हचं रॅचेट मी आठ वर्षं वापरतोय. डोकं बारीक, मागे फिरताना मऊ आणि जोर लावला की दगडासारखं. एकदाच आतला किट बदलला. वर्कशॉपला ट्रक येत असेल आणि तू फ्लॅट रेटवर असशील, तर हे रॅचेट पैसे वसूल करतं, असं मी मनापासून सांगेन. मॅक आणि मॅटकोची रॅचेटंही दणकट आहेत. त्या दोघांत निवडताना ट्रकवाला माणूस बघ, नाव बघू नकोस.

जपानी हत्यारांबद्दल इथले लोक कमी बोलतात, त्याचं मला वाईट वाटतं. को-केन ही शिझुओका प्रांतातली 1946 ची कंपनी, गोट्या आणि त्यांची हँडलं हाच त्यांचा धंदा. त्यांच्या झील मालिकेतली रॅचेटं आणि गोट्या आखूड, बारीक आणि हलक्या असतात. त्यात 36 दात्यांचंही रॅचेट आहे आणि तरी ते वापरायला इतकं सुखाचं आहे की दात्यांच्या आकड्यांवरचा माझा विश्वास तिथेच उडाला. क्योटोच्या केटीसी कंपनीचं नेप्रोस 90 दात्यांचं, मी हाताळलेलं सगळ्यात सुंदर रॅचेट. पण इथे दोन्ही सहसा ऑनलाइनच मागवावी लागतात. बिघडलं तर किट मागवून स्वतः बसवायचा, आणि तोवर दुसरं रॅचेट पेटीत हवंच.

जर्मन श्टालविले, हाझेट, गेडोरे ही जुनी आणि भरवशाची घराणी. वेराचं 72 दात्यांचं झायक्लॉप, ज्याचं डोकं वळवून स्क्रूड्रायव्हरसारखं धरता येतं, डॅशबोर्डच्या कामाला छान. इंजिनच्या कामाला मला त्याचं डोकं मोठं वाटतं.

आणि सुरुवातीला काय घ्यायचं? गिअररेंचची 90 दात्यांची किंवा 120 पोझिशनची रॅचेटं. या 120 मध्ये खरे दाते 60 असतात, दोन पॉल आळीपाळीने पकडतात म्हणून 3 अंश मिळतात. टेक्टन कंपनीची 90 दात्यांचीही चांगली. एका ट्रकवाल्या रॅचेटच्या पैशात यांची दोन येतात, कधी तीन. पाव इंच, तीन सूत आणि अर्धा इंच अशी तिन्ही घे. तीन सूतचं एक लांब हँडलाचं, वाकणाऱ्या डोक्याचं घेतलंस तर उत्तम. पहिल्या वर्षी ही पुरेशी आहेत आणि नंतरही पेटीत राहतात.

एक गोष्ट वडोदऱ्यात शिकायला मिळत नाही, ती म्हणजे इथला गंज. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पाच-सहा वर्षांच्या गाडीखालचे बोल्ट असे धरलेले असतात की आपल्याकडे वीस वर्षांच्या जीपचेही नसतात. नवीन आलेले आपले लोक सवयीने रॅचेटला पाइप लावून जोर देतात आणि दाते खाऊन टाकतात. रॅचेट फिरवायला आहे, धरलेला बोल्ट सैल करायला ब्रेकर बार, म्हणजे दाते नसलेला लांब दांडा, आहे. अर्धा इंचाचा 600 मिलिमीटरचा बार आणि गंज सुटायचं तेल पहिल्या दिवशी घे. आत मिठाचं पाणी आणि चिकट धूळ गेली की बारीक दात्यांचं रॅचेट आधी अडतं. महिन्यातून एकदा डोकं उघड, पूस आणि पातळ तेलाचे दोन थेंब घाल. जाड ग्रीस भरू नकोस, थंडीत पॉल चिकटून राहतो.

बॅटरीवरची रॅचेटंही आता जवळपास प्रत्येक पेटीत दिसतात आणि लांब आट्यांचे बोल्ट त्यांनीच काढायचे. पण पहिला ताण सोडवणं आणि शेवटचं आवळणं हातानेच.

उधारीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. पहिल्याच वर्षी एका ट्रकवर मी मोठी पेटी आणि संपूर्ण सेट हप्त्यावर घेतला. महिन्याच्या भाड्याएवढा हप्ता होता, व्याज मी नीट वाचलंच नव्हतं. वर्षभर परीक्षेची फी भरायला पैसे उरले नाहीत आणि परवाना तितकाच पुढे गेला. छोट्या वस्तूचे आठवड्याचे हप्ते ठीक आहेत. फायनान्सचा कागद पुढे आला की सही न करता घरी घेऊन ये.

कारण परवाना आधी. ऑन्टारियोत गाड्यांचं हे काम 310-एस नावाच्या सक्तीच्या ट्रेडमध्ये येतं. नोंदणीकृत अप्रेंटिस किंवा परवानाधारक असल्याशिवाय ते करता येत नाही. बाहेरचा अनुभव स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारियो ही परवाने देणारी संस्था तपासते, मग परीक्षा, पास व्हायला 70 टक्के. म्हणून मकरपुऱ्याच्या मालकाकडून आत्ताच लेटरहेडवर पत्र घे. कोणत्या तारखेपासून, आठवड्याला किती तास, ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन, इलेक्ट्रिकल यांतलं काय काय केलंस, सगळं त्यात हवं. हत्यारांच्या पावत्या जपून ठेव. 2023 पासून ट्रेडवाल्या नोकरदाराला हत्यारांच्या खर्चावर करपात्र उत्पन्नातून 1000 डॉलरपर्यंत वजावट मिळू शकते, त्यासाठी मालकाची टी-2200 फॉर्मवर सही लागते.

तिथून आणायचंच असेल तर तुझे रोजचे टापरियाचे पाने आण, हाताला बसलेले असतात. चेक-इनच्या बॅगेत टाक, केबिनमध्ये अडवतात, आणि 23 किलोची मर्यादा पान्यांनी लगेच भरते. मारुतीच्या कामात 10, 12, 14, 17 मिलिमीटरवर आपलं निभतं. इथे अमेरिकी आणि युरोपी गाड्यांसाठी 8, 13, 15, 16, 18, 21 आणि टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) लागतात, त्या गोट्या इथेच घे.

पोचलास की पहिल्या शनिवारी माझ्याकडे ये. माझी तिन्ही तीन सूतची रॅचेटं, स्नॅप-ऑन, को-केन आणि जुनं गिअररेंच, तेल लागलेल्या हातानेही धरून बघ आणि हातमोजे घालूनही. उणे पंधरात उघडं क्रोमचं हँडल बोटं सुन्न करतं, तर रबरी मूठ ब्रेक ऑइलने फुगते. यातलं तुझ्या हाताला काय झेपतं ते तिथेच कळेल. तोपर्यंत कार्ड बाहेर काढू नकोस.