चर्चबाहेर राहून ख्रिस्ती श्रद्धा आणि ऐक्य जगता येतं का?

येतं, पण एकट्याने नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. मला त्यांचं हे पाऊल फार मोठं वाटतं.

आम्ही परळला पाच जण आहोत: दोन कॅथलिक, एक मेथडिस्ट, दोघं कुठल्याच चर्चला न जाणारे. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना करतो आणि रुग्णालयाबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या नातेवाइकांना गरम पेज नेतो. चर्च सोडाच, असं मी म्हणत नाही. आमच्यातले तिघं रविवारी जातातच.

मागच्या खेपेला एका आजींनी हात धरून विचारलं, “कोणाची माणसं रे तुम्ही?”

“येशूची,” एवढंच म्हणालो. पंथ सांगावासा वाटला नाही.