उरणला एकच मोकळा रविवार मिळणार असेल, तर काय पाहावे?

कंपनीच्या कामानिमित्त आठवडाभर उरणला मुक्काम आहे, एक रविवार मोकळा आहे, तेव्हा तेलाच्या या गावात पाहण्यासारखे काही आहे का, असे आपण विचारले आहे. मी उरणचाच रहिवासी असल्यामुळे थोडे पक्षपाती उत्तर देतो.

१९७४ मध्ये अरबी समुद्रातील बॉम्बे हाय या तेलक्षेत्रात तेल लागले आणि पुढे समुद्राखालच्या नळांतून ते आमच्या किनाऱ्यावर येऊ लागले. रात्री दिसणारी ज्योत त्याच तेलाच्या येथील प्रकल्पाची. प्रकल्प पाहुण्यांना खुला नाही आणि करंजाच्या बाजूला नौदलाची हद्द असल्याने तेथे कॅमेरा बाहेर न काढलेलाच बरा.

घारापुरीची लेणी सारे जग मुंबईची समजते. प्रत्यक्षात ते बेट उरण तालुक्यात येते. सकाळी उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईचा भाऊचा धक्का गाठावा आणि तेथून गेटवेला जाऊन घारापुरीची बोट धरावी. मात्र निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी, कारण ओहोटीला गाळामुळे मोऱ्याच्या धक्क्याला लाँच लागणे कठीण होते. लेणी सोमवारी बंद असतात. पाहुण्यांना घेऊन नेमका सोमवारीच गेल्यामुळे ऐकावे लागलेले टोमणे मी अजून विसरलेलो नाही. आत गेल्यावर दक्षिणेकडच्या भिंतीतील त्रिमूर्तीसमोर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. मधला चेहरा शांत आहे, आपल्या डाव्या हाताचा मिशाळ आणि उग्र, तर उजव्या हाताचा कोमल, हाती कमळ धरलेला. हा फरक घाईत आलेल्याच्या लक्षात येत नाही.

तरीही घारापुरी आणि चिरनेर हे गाव या दोहोंपैकी एकच ठिकाण निवडायचे झाल्यास मी चिरनेर सुचवीन. जंगल कायद्यामुळे गुरे चारणे आणि लाकूडफाटा आणणे यांवर बंधने आली, तेव्हा २५ सप्टेंबर १९३० रोजी आगरी, कोळी, आदिवासी अशा आसपासच्या गावकऱ्यांनी अक्कादेवीच्या डोंगरावर सत्याग्रह केला. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. गावात त्यांचे स्मारक आहे आणि दर वर्षी त्याच तारखेला तेथे मानवंदना दिली जाते. जवळच महागणपतीचे देऊळ आहे. गर्दी तेथे देवळात असते, स्मारकापाशी क्वचितच कोणी थांबते. आपण थांबावे आणि हुतात्म्यांची नावे वाचावीत.

परतताना वेळ उरल्यास जासईत थोडे थांबावे. ते शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचे गाव. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली या भागात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले, आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणाऱ्या विकसित भूखंडाचे जे 'साडेबारा टक्के' आपण येथे प्रत्येकाच्या तोंडी ऐकाल, ते त्याच लढ्याचे फळ आहे. आपल्या कंपनीत स्थानिक कामगार असतील, तर त्यांना याविषयी अवश्य विचारावे. बहुतेकांच्या घरातील कोणी ना कोणी त्या दिवसांत रस्त्यावर उतरलेले असते.